दोन टर्मिनलांच्या पत्रिका

नवा लॅपटॉप हातात आला की सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळी आधी टर्मिनल बदलतात. कुणी किटी घेतो, कुणी घोस्टी, कुणी अ‍ॅलाक्रिटी. मस्कतच्या ऑफिसात हे कौतुक पहिल्या दुपारपर्यंत टिकतं. मग सोहारच्या, दुक्मच्या किंवा थेट वाळवंटातल्या एखाद्या तेलक्षेत्रावरच्या जुन्या सर्व्हरवर एसएसएचने शिरायचं काम निघतं. टॉप ही कमांड दिली की उत्तर येतं, ‘एक्सटर्म-किटी: अननोन टर्मिनल टाइप’. लेस कुरकुरतं की टर्मिनल पुरतं चालू नाही. सर्व्हर धडधाकट, नेटवर्क ठीक, पासवर्ड बरोबर. फक्त दारात कोण उभं आहे ते त्याला ओळखू येत नाही.

बहुतेक जण अशा वेळी टर्म या व्हेरिएबलमध्ये ‘एक्सटर्म’ असं दुसऱ्याचं नाव भरतात आणि पुढे सरकतात. काम भागतं, पण कुठे रंग उडतात, कुठे एखादी फंक्शन की मुकी होते. जाणकार माणूस एकच ओळ लिहितो. आपल्या लॅपटॉपवर इन्फोकम्प डॅश एक्स चालवायचं, त्यातून पडणारा मजकूर पाइपने एसएसएचमधून पलीकडे पाठवायचा आणि तिथे टिक या कमांडच्या हवाली करायचा. रूटचे अधिकार लागत नाहीत. पलीकडच्या होम डिरेक्टरीत डॉट टर्मइन्फो नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो आणि सर्व्हरला नवं टर्मिनल ओळखीचं होतं. पुण्यातली टीम घड्याळात आपल्यापुढे दीड तास असते. त्यांची जेवणाची सुट्टी व्हायच्या आत हा प्रश्न मिटलेला बरा, म्हणून ही ओळ इथे अनेकांनी कुठेतरी जपून ठेवलेली असते. ओळ सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यातल्या पहिल्या शब्दाची चौकशी फारसं कोणी करत नाही.

इन्फोकम्पचं काम दोनच गोष्टींचं. टर्मिनलाला काय काय येतं याची नोंद वाचता येईल अशी छापायची, आणि दोन नोंदी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक सांगायचा. पत्रिका मांडणं आणि पत्रिका जुळवणं, बस्स. एकच नाव दिलं तर ते मांडतं. दोन दिली तर न सांगता फरक काढायला बसतं.

अशा नोंदींची गरज पडली ती सत्तरच्या दशकातल्या बेबंदशाहीमुळे. लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-३ए १९७६ मध्ये आलं, डेकचं व्हीटी १०० १९७८ मध्ये. पुढे टेलिव्हिडिओ आले, वाइस आले. पडदा पुसायचा तर एडीएम-३ए ला कंट्रोल-झेड पाठवावं लागे. व्हीटी १०० ला त्याच कामासाठी एस्केपने सुरू होणारी भलतीच मालिका लागे. बर्कलीत बिल जॉय व्हीआय हा एडिटर लिहीत होता, तो याच एडीएम-३ए वर. त्या कीबोर्डवर एच, जे, के, एल या अक्षरांवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही कर्सर त्याच अक्षरांनी हलतो. प्रत्येक यंत्रासाठी वेगळा एडिटर लिहिणं शक्य नव्हतं. तेव्हा १९७८ मध्ये जॉयने सगळ्या यंत्रांची माहिती टर्मकॅप नावाच्या एकाच लांबलचक मजकूर-फाइलमध्ये गोळा केली. प्रत्येक क्षमतेला दोन अक्षरी नाव. कर्सर हलवण्याला ‘सीएम’, पडदा पुसण्याला ‘सीएल’.

फाइल फुगत गेली आणि प्रोग्रॅम सुरू होताना ती वरून खाली वाचत बसणं जड जाऊ लागलं. बर्कलीत टर्मकॅपवर काम केलेल्या मेरी ॲन हॉर्टन पुढे बेल लॅब्जमध्ये गेल्या आणि १९८१-८२ च्या सुमारास त्यांनी टर्मइन्फो रचलं. आता प्रत्येक टर्मिनलाची वेगळी फाइल, तीही कम्पाइल केलेली. फाइल कुठल्या फोल्डरात ठेवायची ते नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरायचं. व्हीटी १०० हवं तर ‘व्ही’च्या फोल्डरात जा. शोध झटपट झाला, पण आत काय लिहिलंय ते माणसाला वाचता येईना. सिस्टिम व्ही रिलीज २ मध्ये टर्मइन्फो होतं, पण कम्पाइल झालेली नोंद उलगडून दाखवणारं, कागदपत्रांत नोंदलेलं एकही साधन त्यात नव्हतं. १९८४ च्या सुरुवातीला एटी अँड टीमधल्या टोनी हॅन्सन यांनी ते लिहिलं आणि ते रिलीज ३ मध्ये आलं. हेच पहिलं इन्फोकम्प.

आज लिनक्सवर चालतं ते मात्र त्या कोडमधून आलेलं नाही. १९९५ मध्ये एरिक रेमंड यांनी एटी अँड टीची कागदपत्रं समोर ठेवून एनकर्सेस या टर्मिनल-लायब्ररीसाठी त्याच तोडीचं साधन नव्याने लिहिलं. पुढे थॉमस डिकी यांनी ते वाढवलं. एनकर्सेस, त्यातला टर्मिनलांच्या वर्णनांचा भलामोठा संग्रह आणि एक्सटर्म, हे सगळं डिकी गेली कित्येक वर्षं सांभाळत आले आहेत. नेटबीएसडीसाठी २०१० मध्ये रॉय मार्पल्स यांनी आणखी एक इन्फोकम्प दिलं, ते जरा आटोपशीर आहे.

आता एक पत्रिका मांडून बघू. इन्फोकम्प व्हीटी १०० असं लिहिलं की वर एक शेरा येतो, कुठल्या फाइलवरून हे पुन्हा रचलं ते सांगणारा. तो वाचायची सवय ठेवावी. एकाच नावाच्या दोन नोंदी यंत्रात दोन ठिकाणी पडलेल्या असतात आणि आपण भलतीचीच दुरुस्ती करत बसतो. त्याखाली नावं येतात, मग हो-नाही प्रकारच्या खुणा, मग आकडे: रकाने ८०, ओळी २४, टॅब ८ वर. खुणांमध्ये ‘एक्सईएनएल’ अशी एक असते. ऐंशीव्या रकान्यात अक्षर उमटलं तरी व्हीटी १०० चा कर्सर लगेच खालच्या ओळीवर जात नाही, पुढचं अक्षर येईपर्यंत तिथेच घुटमळतो, त्याची ही नोंद. म्हणजे क्षमतांच्या यादीत खोडीसुद्धा लिहिलेल्या आहेत, आणि माझ्या मते यादीचा सर्वात प्रामाणिक भाग तोच आहे. आजचे बहुतेक टर्मिनल प्रोग्रॅम ही खोड मुद्दाम सांभाळतात, कारण बाकीचं जग तिच्यावर विसंबून बसलंय.

मग येतात मालिका. पडदा पुसण्याची अशी आहे: एस्केप, चौकटी कंस, एच. पुन्हा एस्केप, चौकटी कंस, जे. शेवटी डॉलरचं चिन्ह आणि कोनी कंसात ५०. पहिल्या तुकड्याने कर्सर वरच्या कोपऱ्यात जातो, दुसऱ्याने तिथून खालचं सगळं पुसलं जातं. ५० म्हणजे पन्नास मिलिसेकंद थांब, यंत्राला पुसायला वेळ लागतो. खरं यंत्र वस्तुसंग्रहालयात गेलं तरी हा आकडा जागचा हललेला नाही.

कर्सर एखाद्या जागी नेण्याची मालिका याहून मजेदार आहे. ती नुसता मजकूर नसून छोटासा प्रोग्रॅम आहे. ओळ आणि रकाना हे दोन आकडे आत येतात. प्रोग्रॅम शून्यापासून मोजतात, व्हीटी १०० एकापासून. म्हणून मालिकेत आधी टक्के-आय असतं, ते दोन्ही आकडे एकने वाढवतं. मग ते दशमान अंकांत लिहिले जातात, मधे अर्धविराम, शेवटी एच. एडीएम-३ए चा खाक्या निराळा. तिथे आकड्यात स्पेस या अक्षराचा क्रमांक, म्हणजे ३२, मिळवायचा आणि जे अक्षर येईल ते तसंच पाठवायचं. हे दोन हिशेब शेजारी शेजारी छापून बघितले की टर्मइन्फो कशासाठी जन्माला आलं ते दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

जुळवणीसाठी रोजच्या वापरातली जोडी घेऊ: एक्सटर्म आणि एक्सटर्म-२५६कलर. नावावरून वाटेल की फरक रंगांचाच असणार, आणि छापून येतं तेही तसंच. रंग: ८ आणि २५६. रंगजोड्या: ६४ आणि ६५५३६. रंगाची व्याख्या बदलण्याची क्षमता पहिल्याकडे नाही, दुसऱ्याकडे आहे. अक्षराचा रंग ठरवणारी मालिका पहिल्यात इवलीशी आहे. दुसऱ्यात ती अटींनी भरलेली आहे: आठच्या आतला रंग असेल तर असं कर, सोळाच्या आत असेल तर तसं, त्यापुढे तिसरंच काही. बाकी कीबोर्ड, कर्सर, स्क्रोल, सगळं जसंच्या तसं. एखाद्या सर्व्हरवर रंग बदलल्यावर बॅकस्पेसही बिघडली असं कोणी म्हणालं, तर ही अर्ध्या पानाची यादी दाखवावी आणि दोष दुसरीकडे शोधावा.

बॅकस्पेस ही स्वतंत्र कटकट. की दाबावी आणि अक्षर खोडण्याऐवजी पडद्यावर टोपीवाला एच उमटावा, हे युनिक्सवर काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. त्या कीने कंट्रोल-एच पाठवायचं की १२७ क्रमांकाचं डिलीट, यावर वितरणांचं एकमत नव्हतं. डेबियनने १२७ असं धोरणातच लिहून टाकलं. अशा वेळी डॅश कॅपिटल ए आणि डॅश कॅपिटल बी हे पर्याय उपयोगी पडतात. पहिली नोंद या फोल्डरातून घे, दुसरी त्या फोल्डरातून, नाव दोन्हीकडे तेच. सर्व्हरवरचा फोल्डर उचलून आणायचा आणि घरच्याशी ताडून बघायचा.

नुसती कम्पाइल केलेली फाइल कॉपी न करता मजकूरच का पाठवायचा, याचं उत्तर त्या ६५५३६ मध्ये आहे. जुन्या फाइलीत आकड्याला सोळा बिटांची जागा होती, म्हणजे मजल ३२७६७ पर्यंतच. २०१८ मध्ये एनकर्सेस ६.१ ने बत्तीस बिटांची नवी मांडणी आणली. ज्या नोंदीत मोठा आकडा असतो ती या नव्या मांडणीत लिहिली जाते आणि जुनं एनकर्सेस ती वाचूच शकत नाही. सेंटओएस ७ मध्ये एनकर्सेस ५.९ आहे. त्या वितरणाचा अधिकृत आधार ३० जून २०२४ ला संपला, पण वाळवंटात बसवलेली यंत्रं तारीख बघून निवृत्त होत नाहीत. त्यांना मजकूर द्यावा आणि त्यांच्याच टिककडून कम्पाइल करून घ्यावा. रंगजोड्यांचा आकडा फार मोठा असेल तर पाठवण्याआधी हाताने ३२७६७ करावा, एवढी काळजी पुरते.

डॅश एक्स विसरू नये. मूळ यादीत नसलेल्या, नंतर लोकांनी घातलेल्या क्षमता, उदाहरणार्थ दीड कोटीहून जास्त रंगांची खूण किंवा नागमोडी अधोरेखा, डॅश एक्सशिवाय छापल्याच जात नाहीत. चूक झाली असा संदेशही येत नाही. बाकीचे पर्याय प्रसंगानुसार: डॅश सी दोघांकडे सारखं असलेलं दाखवतो, डॅश एन दोघांकडेही नसलेलं, कॅपिटल सी दिला तर सगळं जुन्या टर्मकॅपच्या बोलीत येतं.

आपल्याकडे भारतात हे टर्मिनल प्रकरण लोकांच्या नजरेसमोर होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. सी. रंगराजन यांच्या बँक-संगणकीकरण समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतरच्या बँकांच्या संगणकीकरणात युनिक्सला पसंती मिळाली आणि नव्वदच्या दशकात कितीतरी काउंटरांमागे सीरियल केबलने जोडलेले हिरव्या अक्षरांचे पडदे लागले. पुण्यात गणेशखिंडीला सी-डॅकने याच्या पुढची उडी मारली. मोहन तांबे यांचं भारतीय लिप्यांवरचं काम आयआयटी कानपूरहून तिथे आलं आणि जिस्ट टर्मिनल तयार झालं. युनिक्सला ते व्हीटी घराण्यातलंच वाटे, पण देवनागरी जुळवायचं काम टर्मिनल स्वतःच्या आत करे. पलीकडच्या प्रोग्रॅमला जोडाक्षराची खबरही लागत नसे. इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून आलं, तेही याच मंडळींच्या कामातून.

आजच्या टर्मिनलात तो जिव्हाळा उरलेला नाही. ‘स्त्री’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत. ती किती रकाने घेतात याचा हिशेब प्रोग्रॅम एक करतो, टर्मिनल दुसरा करतं, आणि कर्सर अक्षराच्या पोटात जाऊन उभा राहतो. मस्कतमध्ये याच्या जोडीला अरबी आहे. फाइलींची नावं उजवीकडून वाचायची आणि टर्मिनल ती डावीकडून मांडतं. ग्नोमच्या टर्मिनलाखालच्या व्हीटीईमध्ये २०१९ साली ०.५८ या आवृत्तीत दोन्ही दिशांची सोय आली. पण इन्फोकम्पने दोन नोंदी कितीही ताडल्या तरी यातलं काहीच हाती लागत नाही, कारण रकाने, जोडाक्षरं आणि दिशा यांना मूळ यादीत जागाच ठेवलेली नव्हती.

त्यामुळे नवे प्रोग्रॅम फाइल न बघता टर्मिनललाच विचारतात: तू कोण, हे येतं का, ते येतं का. विचारण्याची सोय व्हीटी १०० मध्येसुद्धा होती. एकाच लॅपटॉपवर हे छान चालतं. पण सर्व्हर जर भूस्थिर उपग्रहाच्या पलीकडे असेल, तर तिकडच्या प्रोग्रॅमचा प्रश्न ३६ हजार किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली मस्कतला येतो आणि उत्तर त्याच वाटेने परत जातं. निव्वळ प्रकाशाच्या वेगानेच जवळपास अर्धा सेकंद लागतो. घाईचा प्रोग्रॅम तोवर वाट बघणं सोडून पुढे गेलेला असतो. उशिरा पोहोचलेलं उत्तर मग कुणीतरी टाइप केल्यासारखं प्रॉम्प्टवर सांडतं: प्रश्नचिन्ह, आकडे, अर्धविराम आणि शेवटी एक अनाथ ‘सी’. अशा लिंकवर मी अजूनही नोंद आधीच मजकूर म्हणून पाठवून ठेवतो आणि जो प्रोग्रॅम फार प्रश्न विचारतो त्याची ती सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद करतो.