मातृत्वाचे ऋतुचक्र आणि आत्मपर लेखन : खानदेशच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
मराठीत स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा विचार प्रामुख्याने आत्मचरित्राच्या अंगाने झालेला आहे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि १९३४ पासून भागश: प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' ही त्याची ठळक उदाहरणे होत. आत्मचरित्र सरलेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहते. आईचे दैनंदिन जीवन मात्र सण, पेरणी, शाळा, आजारपण यांच्या फेऱ्यात दरवर्षी नव्याने फिरत असते. या आवर्तनांना सामोरे जाताना आत्मपर लेखन आईला कोणते साहाय्य करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खानदेशातील कुटुंबजीवनाची आवर्तने :
जळगाव व धुळे जिल्ह्यांत वैशाखातील आखाजी हा सासुरवाशिणींचा सण मानला जातो. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. एकाच स्त्रीच्या आयुष्यात या सणाचा अर्थ तीनदा बदलतो. प्रथम ती माहेरी जाणारी लेक असते, पुढे लेकीची वाट पाहणारी आई होते आणि अखेरीस आईविना माहेर अनुभवते. जूनमध्ये पेरणीचा खर्च आणि शाळेचा खर्च एकदमच दारात येतात. श्रावणात कानबाई आणि दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी येते. तिथी तीच असली तरी तिला सामोरी जाणारी स्त्री दरवर्षी वेगळी असते. हा बदल शब्दांत नोंदला न गेल्यास तो तिच्या स्वत:च्याही लक्षात येत नाही.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण :
जळगावजवळील आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. मुलांचे संगोपन व शेतीची कामे करीत असतानाच त्यांची गाणी जन्मास आली. घरोट, पेरणी, पोळा, आखाजी, माहेर हे त्यांचे विषय म्हणजे त्यांच्या वर्षाचे जणू वेळापत्रकच होय. दु:ख त्यांनी एकटे ठेवले नाही; शेताच्या व ऋतूच्या क्रमात त्याला जागा दिली.

त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी यांपैकी काही गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले व १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जी टिपली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्या गौरवाचा पाया घरातल्या एका वहीत आहे, हे विसरता येणार नाही.

लेखन साहाय्य कसे करते? :
जेम्स पेनबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे क्लेशकारक अनुभवांविषयी लिहावयास सांगितले होते. घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच अधिक उदास वाटले. मात्र पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी राहिले. नंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत हा परिणाम सरासरीने अल्पच आढळला आहे. म्हणून लेखन हा उपचाराचा पर्याय मानता येत नाही. त्याचे कार्य मर्यादित, तरीही मोलाचे आहे. विस्कळीत अनुभवाला क्रम मिळतो, भावनेला नाव मिळते आणि गतवर्षीची नोंद वाचताना 'हेही निभावले होते' याचा पुरावा हाती येतो. हा तिसरा लाभ आवर्तनाच्या जीवनात विशेष महत्त्वाचा ठरतो.

अडचणी :
आईला सलग वेळ मिळत नाही आणि एकत्र कुटुंबात वही खाजगी राहीलच याची खात्री नसते. बोलीत लिहिणे 'अशुद्ध' समजले जाते, हा आणखी एक अडसर आहे. बहिणाबाईंचे काव्य त्यांच्या बोलीतच उभे आहे, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

निष्कर्ष :
आत्मपर लेखन आईचे कष्ट कमी करीत नाही. त्या कष्टांतील तिचे स्वत्व मात्र टिकवून ठेवते. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या रूपाने १९२७ पासून इतिहाससाधने जपण्याची परंपरा आहे. तीच दृष्टी घरातील स्त्रियांच्या शब्दांकडे वळविणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना आपल्या आई-आजीचे अनुभव, त्यांच्या संमतीने व त्यांच्याच बोलीत, सणागणिक टिपण्याचा प्रकल्प द्यावा. काय उघड करावे आणि काय वहीतच ठेवावे, याचा अधिकार मात्र त्या माउलीचाच असावा.