गावात टँकर येतो कसा, आणि अडतो कुठे

२०१९च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते. त्याच उन्हाळ्यात तहसील कचेऱ्यांवर हंडा मोर्चेही निघत होते. एवढे टँकर असूनही घागर रिकामी राहते, तेव्हा लोकांचा संताप रास्तच असतो. पण पाणी अडलेलं असतं एका टेबलावर आणि मोर्चा जातो दुसऱ्याच टेबलापुढे, असं फार वेळा होतं. म्हणून टँकरची वाट आपण सुरुवातीपासून पाहू.

ही वाट ऑक्टोबरात सुरू होते, विहीर आटल्यावर नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पावसाचे आकडे आणि ही पातळी पाहून कुठल्या गावांना टंचाई भासेल याचा अंदाज निघतो. त्यावरून जिल्हा प्रशासन टंचाई कृती आराखडा करतं, म्हणजे कुठल्या गावाला काय उपाय आणि किती खर्च याची यादी. तिचे तीन टप्पे असतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून.

आपल्या गावाचं नाव या यादीत आहे का, हे दिवाळीच्या सुमारास पंचायत समितीत जाऊन पाहावं. नाव नसलं म्हणजे टँकर मिळतच नाही असं नाही, पण मग प्रत्येक टेबलावर आधी त्याचाच खुलासा द्यावा लागतो. वाडी, वस्ती, तांडा यांची नावं वेगळी लागली आहेत ना, तेही बघावं. गावठाणाला नळ आहे म्हणून तीन किलोमीटरवरच्या तांड्याचं नाव गळणं ही नेहमीची चूक आहे.

दुसरा टप्पा ठरावाचा. पाणी संपत आलं की ग्रामपंचायत टँकरच्या मागणीचा ठराव करते आणि तो प्रस्तावासह गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो. ठरावात ‘पाणीटंचाई आहे’ एवढंच लिहून भागत नाही. कुठली विहीर कधी आटली, किती हातपंप बंद आहेत, नळयोजना असेल तर तिचा उद्भव, म्हणजे पाणी जिथून उचलतात ती जागा, कोरडा पडला आहे का, हे सगळं लिहावं. जलजीवन मिशनमधून नळ बसलेल्या गावांनी तर हे नक्कीच लिहावं. कागदावर योजना पूर्ण दिसते, आणि उद्भव आटल्याची नोंद कुठेच नसते.

मग पाहणी होते. महसूल आणि पंचायत समितीचे अधिकारी मिळून गावात येतात. टँकर हा शेवटचा उपाय मानला जातो. त्यामुळे आधी हातपंप दुरुस्त होईल का, विहिरीतला गाळ काढता येईल का, जवळपास कुणाची खासगी विहीर अधिग्रहित करता येईल का, हे बघतात. अधिग्रहण म्हणजे मोबदला देऊन ती विहीर गावासाठी तात्पुरती ताब्यात घेणं. पाहणीच्या दिवशी गावातल्या चार बायका हजर असाव्यात. कुठल्या विहिरीचं पाणी पहाटे किती वेळ पुरतं आणि कुठलं पाणी मचूळ आहे, हे पाणी भरणाऱ्या माणसालाच नेमकं सांगता येतं.

मंजुरीची सही बहुधा प्रांतांची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांची असते. काही वर्षी शासनाने हे अधिकार तहसीलदारांनाही दिले होते. या वर्षी सही कुणाची, हे आधीच विचारून घ्यावं. पाहणीनंतर फाइल कुठे थांबली आहे हे त्यावरूनच कळतं.

मंजुरी आली की खेपांचा हिशोब येतो. ग्रामीण भागासाठी टँकरच्या पाण्याचा निकष माणशी रोज २० लिटरचा आहे. जलजीवन मिशन नळाने माणशी ५५ लिटर देऊ म्हणतं, आणि टंचाईत सरकार २० वर येतं. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, सगळं दीड घागरीत. हा निकष मला स्वतःला माणुसकीचा वाटत नाही, पण आज हिशोब त्यावरच होतो. १,२०० वस्तीच्या गावाला रोज २४,००० लिटर लागतील, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. लोकसंख्या कुठल्या साली मोजलेली धरली आहे ते विचारावं. २०११ची जनगणना धरली असेल तर त्यानंतर वाढलेली घरं त्यात नसतात, आणि गुरंही अनेकदा नसतात. ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये गावात येतात, तेव्हा तोच टँकर अपुरा पडतो. त्या वेळी सुधारित मागणीचा ठराव द्यावा लागतो, आणि तो द्यायचा असतो हेच पुष्कळ गावांना कुणी सांगितलेलं नसतं.

टँकर भरतो कुठे, हेही मंजुरी आदेशात असतं. इथली अडचण बहुतेक वेळा विजेची असते. भारनियमनामुळे उद्भवावरचा पंप बंद, टँकर रांगेत, आणि दोन मंजूर खेपांपैकी एकच गावात. चालकाशी भांडून इथे काही निघत नाही. अर्ज गटविकास अधिकारी आणि वीज कंपनीचे उपअभियंता या दोघांच्या नावे एकत्र करावा, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही.

गावात आलेलं पाणी पुष्कळदा कोरड्या सार्वजनिक विहिरीत ओततात. त्यातलं काही जमिनीत मुरतं, उरलेलं गढूळ होतं, आणि वाकून पोहरा टाकणाऱ्या पोरीबाळींचा तोल जातो. साठवण टाकी मागावी. विहिरीतच ओतायची वेळ आली तर ब्लीचिंग पावडर टाकण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, लॉगबुक. टँकरबरोबर एक नोंदवही असते. तारीख, वेळ, खेप, किती लिटर, आणि खाली गावातल्या माणसाची सही. ठेकेदाराचं बिल या सहीवर आणि टँकरला बसवलेल्या जीपीएसच्या नोंदीवर निघतं. जीपीएस म्हणजे गाडी कुठून कुठे गेली हे टिपणारं यंत्र. गाडी गावात आली एवढं ते सांगतं. टाकी पूर्ण भरलेली होती की अर्धी, हे त्याला कळत नाही. ते फक्त सही करणाऱ्याला कळतं. म्हणून आठवड्याच्या सह्या एकदम करू नयेत, कोऱ्या पानावर तर मुळीच नाही. झाकण उघडून टाकीत काठी बुडवावी, ओली किती झाली ते बघावं, आणि कमी भरली असेल तर सहीशेजारी तेवढंच लिहावं. खेप आलीच नाही त्या दिवसाची नोंद आपल्या वहीत ठेवून दर आठवड्याला पंचायत समितीत द्यावी आणि पोच घ्यावी.

तरीही फरक पडला नाही तर कागद मागावेत. २६ नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात. मंजुरी आदेश, लॉगबुक, जीपीएस अहवाल आणि ठेकेदाराची देयकं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. तफावत असेल तर इथेच दिसते. प्रती हव्या असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा लागतो. टँकर, नळयोजना आणि हातपंप एकाच अर्जात घातले तर तो परत येऊ शकतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील करावं.

जिल्हाधिकाऱ्यांकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. गावाचं सामूहिक निवेदन परत येतं आणि लोक हिरमुसतात. तिथे ‘माझ्या घराला अमुक दिवस पाणी मिळालं नाही’ असा अर्ज द्यावा, आणि तसाच प्रत्येक घराने आपापला.

शेवटची अडचण ३० जूनची. टंचाईचा कालावधी कागदावर त्या दिवशी संपतो, पाऊस आला असो वा नसो. मृग कोरडा गेलेल्या वर्षी १ जुलैला टँकर बंद झाल्याचं लोकांना अचानक कळतं. मुदतवाढ मिळते, पण ती वरून यावी लागते आणि तिला वेळ लागतो. त्यामुळे पावसाची चिन्हं दिसत नसतील तर मुदतवाढीचा ठराव जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच करून तहसीलदार आणि गटविकास अधिकारी या दोघांकडे द्यावा, आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच सरपंचांकडे न ठेवता ग्रामपंचायतीच्या फाइलला लावावी.