जर्मन मुलखात व्यापारशिक्षणाचे एक सत्र : तयारी केव्हा आणि कशी करावी?



दिवाळीच्या सुमारास आम्ही गटऑफिसच्या ओट्यावर बसलो असताना एका सभासदाने विचारले, "साहेब, पोरगी पुण्यात बी.बी.ए.ला हाय. कॉलेजवाले म्हणत्यात, सहा महिने जर्मनीला जा. ह्यात काही दम हाय, का नुसताच खर्च?" प्रश्न सरळ होता, पण त्या दिवशी आम्हांला सरळ उत्तर देता आले नाही. कारण आपल्याच कार्यक्षेत्रातला एक मुलगा मागे असाच तिकडे गेला, तिथे पास झाला, आणि इथे त्याचे वर्ष वाया गेले. ते कसे गेले हे पुढे सांगतो. त्या सभासदाच्या निमित्ताने आम्ही माहिती गोळा केली. ती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे जाण्याचे दोन प्रकार आहेत. आपल्या कॉलेजाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल तर मुलगी देवाणघेवाणीत जाते. अशा वेळी फी इथल्याच कॉलेजात भरायची, तिकडे शिकवणीची फी नसते. करार नसताना स्वतःहून अर्ज केला तर मात्र फी आपल्या अंगावर येते. जर्मनीत सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही असे आपण ऐकतो, ते खरेही आहे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले आहेत. करारातून येणाऱ्यांना ते पडत नाहीत. तेव्हा "फुकट आहे" एवढ्यावर उठू नये, कोणत्या वाटेने फुकट आहे ते विचारावे.

आता हंगामाचे बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे कॉलेजचे पहिले सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपते आणि जानेवारीत दुसरे लागते. जर्मन विद्यापीठाचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते. तास ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा त्यानंतर. म्हणजे इकडे पुढच्या सत्राचे दोन महिने झाले तरी पोरगी तिकडे पेपरच लिहीत बसलेली! उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, त्याचे तास जुलैपर्यंत. तेही आपल्या हंगामाला तिरकेच बसते. 'फाखहोखशूल' नावाच्या व्यवहारी शिक्षणाच्या संस्था महिनाभर आधी, १ सप्टेंबरला आणि १ मार्चला सत्र धरतात, एवढाच फरक.

याला दोन चांगले अपवाद आहेत. एक मानहाइम. तेथील विद्यापीठाने आपले वेळापत्रक बाहेरच्या जगाशी जुळवून घेतले आहे. शरद सत्राचे तास सप्टेंबरच्या सुरुवातीस लागतात आणि डिसेंबरात परीक्षा उरकते. दुसरा स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन. तेथे तास सप्टेंबरच्या मध्यापासून नाताळाच्या आधीपर्यंत चालतात. व्हिएन्नाचे व्यापार विद्यापीठ ऑक्टोबरात उघडते. म्हणून गाव निवडताना नावलौकिकाआधी कॅलेंडर पुढे घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नावलौकिकाचे म्हणाल तर तो मुलूख व्यापारशिक्षणात जुना आहे. लाइप्झिग, सांक्ट गालेन आणि व्हिएन्ना या तिन्ही ठिकाणी १८९८ या एकाच वर्षी व्यापाराच्या उच्च शाळा निघाल्या. आपल्या मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ चे. तिकडे या विषयाला लांबलचक नाव आहे, 'बेट्रीब्सविर्टशाफ्ट्सलेअर'. पोरे 'बे-वे-एल' म्हणून मोकळी होतात.

मानहाइमचे नाव आम्ही घेतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या धंद्यातले आहे. झ्यूडत्सुकर या युरोपातल्या बड्या साखर कंपनीचे मुख्य कार्यालय याच गावात आहे. ही कंपनी १९२६ सालची. तिचे समभाग शेअरबाजारात विकले जातात, पण त्यातला मोठा हिस्सा, निम्म्याहून अधिक, बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या हातात आहे. म्हणजे मालकी शेतकऱ्याची, कारभार कंपनीचा आणि भाव रोज बाजारात टांगलेला. हे गाडे कसे चालते, शेतकऱ्याला बिटाचा भाव आणि भागधारकाला लाभांश यांत ओढाताण होते ती कशी मिटवतात, हे आपल्या सभासदाच्या मुलीने तिथे बसून समजून घेतले तर पुढच्या वार्षिक सभेत ती आम्हांलाच चार प्रश्न विचारील. विचारावेतच. बिटाचा गाळप हंगामही सप्टेंबरापासून जानेवारीच्या आसपासपर्यंत चालतो, म्हणजे नेमका तिच्या सत्रात. शिवाय आपल्या सहकाराचे मूळही त्याच मुलखातले. रायफायझन यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतपेढी उभी केली, आणि तिकडच्या अशा पेढ्या अभ्यासून आपल्याकडे १९०४ चा कायदा झाला.

आता त्या मुलाची हकीकत. युरोपात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. सत्राला ३०, वर्षाला ६०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, त्यात वर्गातले तास आणि घरी बसून केलेला अभ्यास दोन्ही आले. जाण्यापूर्वी एक कागद होतो, त्याला अभ्यास-करार म्हणू. तिकडचे कोणते विषय घेणार आणि इकडच्या कोणत्या विषयांऐवजी ते धरणार, हे त्यात लिहून दोन्ही संस्थांच्या सह्या होतात. या मुलाने तो कागद केला होता. पण तिकडे गेल्यावर दोन विषयांचे तास एकाच वेळी आले म्हणून त्याने दोन विषय बदलले. तिकडच्या ऑफिसने होकार दिला. इकडची सही घ्यायची राहिली. परत आल्यावर त्याच्या कॉलेजने त्या दोन विषयांचे गुण धरायला नकार दिला. त्यातच जर्मन गुणपत्रिकेवर १.७ असा आकडा पाहून तिथल्या कारकुनाने "दहापैकी पावणेदोन, म्हणजे नापासच की" असे तोंडावर सांगितले! मुलगा चांगला शिकलेला, पण वर्ष गेले आणि बापाचे कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले.

म्हणून हे गुणांचे नीट लक्षात घ्या. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० ला काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. ऑस्ट्रियातही १ उत्तम व ५ नापास. स्वित्झर्लंडमध्ये नेमके उलटे, ६ सर्वोत्तम आणि ४ ला पास. रेल्वेने काही तासांच्या अंतरावरची गावे, पण गुणपत्रिका उलटसुलट. आपले गुण जर्मन पद्धतीत नेण्याचे एक सूत्र तिकडे सर्रास वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. समजा दहापैकी पासाला ४ लागतात आणि मुलीला ७.६ आहेत. तर २.४ भागिले ६ म्हणजे ०.४, त्याची तिप्पट १.२, अधिक एक, उत्तर २.२. परतताना जर्मन गुण इकडे कोणत्या कोष्टकाने धरणार, हे कॉलेजकडून जाण्याआधी लेखी घ्यावे. तोंडी "बघू" वर विश्वासू नये.

आणखी एक खाच. तिथे वर्गात नाव घातले म्हणजे परीक्षेला नाव लागले असे होत नाही. परीक्षेची नोंदणी बऱ्याच ठिकाणी वेगळी आणि मुदतीत करावी लागते. कित्येक विषयांत सबंध सत्राचा गुण एकाच शेवटच्या पेपरावर असतो. वर्षभर हजेरी आणि अंतर्गत गुणांवर तरलेल्या पोरांना हे जड जाते.

पैशाचे. जर्मनीच्या व्हिसासाठी मुलीच्या नावे रोखून ठेवलेल्या खात्यात रक्कम दाखवावी लागते आणि तिथे गेल्यावर ती महिन्याच्या हप्त्याने मिळते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिना ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ ठरला. सहा महिन्यांचे धरले तर ५,९५२ युरो. अर्ज करते वेळी चालू आकडा पाहावाच. रुपयाचा हिशेब मात्र आज केला तो सहा महिन्यांनी चुकतो. २०२५ च्या सुरुवातीस युरो नव्वद रुपयांच्या आतबाहेर होता, वर्षअखेरीस शंभराच्या पुढे गेला. युरोमागे पंधरा रुपये वाढले की या एकाच रकमेत जवळजवळ नव्वद हजारांचा फरक पडतो, म्हणजे उसाचे एखादे बिल तिथेच गेले. विमान, आरोग्यविमा (महिना सव्वाशे ते दीडशे युरो), विद्यापीठाची सत्रवर्गणी आणि खोलीची अनामत हे वेगळे. विद्यार्थ्याला काम करण्याची मुभा आहे. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. पण एका सत्राकरिता गेलेल्या पोराने कामाच्या मजुरीवर बजेट बसवू नये. स्वित्झर्लंडचा खर्च याहून पुष्कळ जास्त. तिथे युरो नाही, फ्रँक चालतो.

कागदपत्रांत नव्वद दिवसांचा साधा व्हिसा सत्राला पुरत नाही, मोठ्या मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. ऑस्ट्रियात सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला 'डी' व्हिसावर भागते. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाचा पडताळणी दाखला लागतो. त्यातून काही प्रकारच्या विद्यार्थ्यांना सूट आहे, तेव्हा आपला प्रकार कोणता ते दूतावासाच्या यादीत पाहावे. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. खोली मिळणे हेच तिथे सर्वांत अवघड काम आहे. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हाती येताच करावा.

एक गंमतही सांगतो. 'होखशूल' म्हणजे उच्च शिक्षणाची संस्था, पण शब्दशः 'हायस्कूल' होतो. एका पालकाच्या कर्जअर्जावर बँकेतल्या साहेबांनी शेरा मारला की पदवीच्या विद्यार्थ्यास हायस्कुलात जाण्यास कर्ज देता येत नाही. महिना गेला त्यात. अर्जासोबत विद्यापीठाचे इंग्रजी पत्र जोडावे.

भाषेची फार धास्ती नको. व्यापाराचे पुष्कळ विषय इंग्रजीत असतात. पण दुकान, दवाखाना आणि घरमालक इंग्रजीत बोलतीलच असे नाही. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग आहेत. पहिली पातळी करूनच जावे. बाकी रविवारी दुकाने बंद असतात हे शनिवारी आठवावे, आणि तास संपल्यावर सगळी पोरे बाकांवर ठोकू लागली तर घाबरू नये, ती त्यांची टाळी आहे.

आता तयारी केव्हा? आडसाली ऊस जसा जुलै-ऑगस्टात लावून पुढच्या वर्षीच्या हंगामावर डोळा ठेवायचा, तसेच हे काम आहे. पुढच्या सप्टेंबरात जायचे तर आदल्या जुलैत कॉलेजच्या परदेश विभागात जाऊन करारांची यादी मागावी. हिवाळ्यात कॉलेजची निवड होते, उन्हाळ्यापर्यंत नावे तिकडे जातात. पासपोर्ट त्याआधी हातात हवा. प्रवेशपत्र आले की त्याच आठवड्यात व्हिसाची तारीख धरावी.

त्या सभासदाला आम्ही हेच सांगितले : करारातून, मानहाइमसारख्या ठिकाणी आणि सह्या झालेला कागद हातात घेऊन जाणार असेल तर पाठवा. सह्या होत नसतील तर ती रक्कम घरी ठेवा, पदवीनंतर पाहू. ते म्हणाले, "सही पोरगी आणील, पैशाचं मी बघतो." मुलगी सध्या पहिल्या पातळीचे जर्मन शिकते आहे.

ज्या सभासदांच्या मुला-मुलींना पुढील वर्षी जायचे आहे, त्यांनी कॉलेजची करारांची यादी आणि शेवटच्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका घेऊन जुलैअखेर कारखान्याच्या कार्यालयात भेटावे. अभ्यास-कराराचा नमुना आम्ही मराठीत समजावून देऊ.