मोबाइल बंद, माणूस लिंबाखाली

मे उजाडला, दुपारी वळवाचे ढग दाटू लागले की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: विजा चमकत असताना मोबाइल बंद ठेवा, त्याच्या लहरी वीज खेचतात. खाली जोडलेले हात. मेसेज वाचून माणसं इमानेइतबारे फोन बंद करतात आणि पाऊस लागू नये म्हणून बांधावरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहतात. निरुपद्रवी गोष्ट टाळायची आणि जिवावर बेतणारी करायची, असा हा उफराटा प्रकार दरवर्षी चालतो.

मोबाइल वीज खेचत नाही. ढगातून निघालेली वीज साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली उतरते. ती जमिनीजवळ आली की झाडाचा शेंडा, विजेचा खांब, उघड्या रानात उभा असलेला माणूस अशा उंच गोष्टींतून ठिणग्या वर झेपावतात. त्यातली जी आधी वरच्या विजेला भेटते, तिथे वीज पडते. खिशातल्या फोनमुळे माणसाची उंची बोटभरही वाढत नाही. फोनच्या रेडिओलहरींत हवेला विद्युतवाहक करण्याइतका जोर नसतो. त्या वीज खेचत असत्या तर एसटी स्टँडवर पावसाळाभर कुणी जिवंत राहिलं नसतं!

मग ही समजूत आली कुठून? 2006 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लंडनच्या डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. बागेत फोनवर बोलत असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर वीज पडली होती. धातूची वस्तू कातडीला टेकलेली असेल तर इजा जास्त खोल होऊ शकते, असा त्या डॉक्टरांचा मुद्दा होता, आणि त्यावरही इतरांनी आक्षेप घेतले. फोनमुळे वीज तिच्याकडे आली, असं त्या पत्राचं म्हणणं नव्हतं. जगभर बातमी मात्र तशीच पसरली.

दुसरा पुरावा म्हणून दाखवला जातो तो मृताच्या खिशातला जळालेला फोन. अहो, हल्ली कुणाच्या खिशात फोन नसतो? वीज अंगावरून गेली की घामाची क्षणात वाफ होते, कपडे फाटतात, चपला फुटून लांब उडतात. पण ‘चपलेने वीज खेचली’ अशी बातमी कुणी देत नाही. भारतात मोबाइलवरून पहिला कॉल झाला 31 जुलै 1995 रोजी. त्याआधी पेरणीला गेलेल्यांवर विजा पडत नव्हत्या का? घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. धोका असतो तो वायरचा. चार्जिंगला लावलेला फोन किंवा जुना लँडलाइन त्या वेळी हातात धरू नये.

उलट फोन चालूच हवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं. बंद फोनवर तो येणार कसा?

आता त्या लिंबाबद्दल. विजेनं मरणाऱ्यांपैकी थेट अंगावर वीज पडलेले शंभरात पाचच्या आसपास असतात, असा या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकी डॉक्टर मेरी ॲन कूपर यांचा अंदाज आहे. बाकीच्यांचा घात होतो तो बहुतांशी जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहानं, नाहीतर झाडावरून शेजारच्या अंगावर उडी मारणाऱ्या विजेनं. झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम चार-पाच मरतात ती यामुळेच. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसरीकडे निघतो. माणसानंही पाय फाकून उभं राहू नये, आडवं तर मुळीच पडू नये. रानात अडकलातच तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसा. हा अगदी शेवटचा उपाय, सुरक्षित जागा नव्हे.

सुरक्षित जागा म्हणजे पक्कं घर किंवा काचा बंद केलेली कार-जीप. चारी बाजूंनी उघडा गोठा, पत्र्याचं शेड, ट्रॅक्टर, मोटरसायकल यांत ती सोय नाही. घरात असताना नळाखाली अंघोळ नको, मोटरच्या स्टार्टरला हात नको, टीव्हीची पिन आधीच काढलेली बरी. अंदाज खराब असेल त्या दिवशी खळ्यावरच्या कांद्यावर ताडपत्री सकाळीच ओढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर ती ओढायला घरातून धावत सुटणं, हीच ती घातवेळ.

विजेनं पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो, ही समजूत तर सरळ जीव घेणारी आहे. शरीरात वीज साठून राहत नाही. हृदय आणि श्वास बंद पडलेला असला, तरी लगेच छाती दाबायला सुरुवात केली तर तो माणूस वाचू शकतो. एकानं छाती दाबावी, दुसऱ्यानं 108 लावावा, अर्थात चालू असलेल्या फोनवरून. वर आणखी विजा होत असतील तर आधी त्याला आडोशाला न्यावं.

पायाळू माणसावर वीज पडते? जन्मताना आधी पाय आले की डोकं, याची ढगाला खबर नसते. एकदा पडली तिथं पुन्हा पडत नाही? न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला वीसेक वेळा पडते. रबरी चप्पल वाचवते? मैलभर हवा फोडून आलेल्या विजेला बोटभर रबराचं काय! पाऊस थांबला म्हणजे धोका टळला? शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. ग्रामपंचायतीवर वीज अटकाव यंत्र बसवलंय? छान, पण त्याचं संरक्षण आसपासच्या मोजक्या जागेपुरतं. शिवारातल्या तुमच्या रानाला त्याचा उपयोग नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात वीज पडून 2,887 माणसं गेली. तरी ‘देवाची करणी, सरकार काय देणार’ असं म्हणत कित्येक घरं शवविच्छेदनाशिवायच अंत्यसंस्कार उरकतात. महाराष्ट्रात अशा मृत्यूसाठी वारसांना 4 लाख रुपये मदत आहे, दगावलेल्या जनावरांसाठीही मदत मिळते. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो आणि माणूस गेला असेल तर शवविच्छेदन अहवालही. म्हणून तलाठ्याला त्याच दिवशी कळवावं, आणि तो येईपर्यंत मेलेलं जनावर पुरू नये.