गियरचा दांडा आणि एक पिन

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत जुन्या पिकअप ट्रकच्या स्टिअरिंगजवळ गियरच्या दांड्याऐवजी व्हाइस ग्रिपची पकड आवळलेली दिसली, तर तिथे कोणाला नवल वाटत नाही. दांडा मुळाशी तुटला, उरलेल्या खुंटाला पकड लावली, गाडी पुन्हा कामाला लागली. जुगाड ही फक्त आपलीच मिरास आहे असं समजणाऱ्यांनी एकदा तिकडची शेतं आणि गॅरेजं पाहावीत. हा दांडा फार किमती नसतो आणि तो बदलायला इंजिन किंवा गियरबॉक्स उघडावा लागत नाही. तरीही लोक वर्षानुवर्षं ढिल्या दांड्यावर गाडी रेटतात. त्यात गैरसोयीपेक्षा मोठा धोका आहे.

आपण १९८७ ते १९९६ या काळातली फोर्ड एफ-१५० डोळ्यांसमोर ठेवू. एफ-सीरिज हा अमेरिकेत १९७७पासून सतत सर्वाधिक खपणारा पिकअप, त्यामुळे हे जुने ट्रक अजूनही रस्त्यावर पुष्कळ दिसतात. तिकडे गाड्या लवकर भंगारात जातही नाहीत. २०२४ साली अमेरिकी रस्त्यांवरच्या गाड्यांचं सरासरी वय १२.६ वर्षं होतं. या ट्रकमध्ये ऑटोमॅटिक गियरचा दांडा स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, स्टिअरिंगच्याच नळीवर असतो. समोर सलग बाकासारखी सीट, तिच्यावर तिघं बसणार, मग मधे जमिनीतून उगवणारा दांडा नकोच. मुंबईकरांना ही मांडणी ओळखीची आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झालेल्या काळ्यापिवळ्या प्रीमिअर पद्मिनीचा गियरही स्टिअरिंगलाच होता. फरक इतकाच की तिथे डाव्या पायाखाली क्लच होता आणि गियर आपणच टाकायचे. इथे दांडा फक्त निरोप देतो, गियर टाकणारं यंत्र खाली वेगळं आहे.

हा निरोप खाली कसा पोहोचतो ते समजलं की बिघाड शोधणं सोपं होतं. दांड्याचं मूळ स्टिअरिंगच्या नळीवरल्या एका कॉलरमध्ये बसवलेलं असतं आणि आरपार ठोकलेल्या एका पिनवर ते डुलतं. दांडा आपल्याकडे ओढला की पिनेच्या पलीकडचं त्याचं टोक एका खाचांच्या पट्टीतून सुटतं. पार्कमधून निघताना किंवा रिव्हर्स टाकताना दांडा ओढावा लागतो, न्यूट्रल आणि ड्राइव्हमध्ये मात्र तो नुसता सरकतो, ही सगळी करामत त्या खाचांची. दांडा फिरला की कॉलर फिरते, तिच्याबरोबर आतली नळी फिरते, नळीच्या तळाशी असलेला हात एक सळई किंवा केबल ओढतो आणि ती गियरबॉक्सच्या कुशीतला छोटा लिव्हर हलवते. त्या लिव्हरच्या आत कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दातेरी पट्टी आहे; स्प्रिंगने दाबलेलं रोलर तिच्या एकेका खाचेत बसतं. गाडी खरोखर कोणत्या गियरमध्ये आहे हे ठरतं तिथे. डॅशबोर्डवरची पी-आर-एन-डी दाखवणारी सुई मात्र वरच्या नळीला बांधलेल्या बारीक दोरीवर चालते. म्हणजे सुई सांगते ती वरची बातमी. खालची बातमी वेगळी असू शकते.

झिजायला या साखळीत जागा बऱ्याच. सगळ्यात आधी जाते ती पिनेची. या जागी रोल पिन असते, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा पत्रा गुंडाळून केलेली, लांबीभर चीर असलेली नळी. ती भोकापेक्षा किंचित जाड असते; ठोकली की आवळते आणि स्वतःच्याच ताणाने भोकात घट्ट बसते. पण ज्या ओतीव कॉलरमध्ये ती बसते तो धातू तिच्या मानाने मऊ. पंचवीस-तीस वर्षं ओढाताण झाली की गोल भोक लांबट होतं. मेकॅनिकच्या भाषेत गियरला प्ले येतो. दांडा खाली लोंबतो, सुई दोन अक्षरांच्या मधे थांबते, पार्क टाकताना दांडा वर उचलून धरावा लागतो. दुसरी जागा खाली, केबलच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या बुशची. उष्णतेने आणि दमटपणाने तो बुश ठिसूळ होऊन गळून पडतो. ही जुन्या गाड्यांपुरतीच व्यथा आहे असंही नाही. फोर्डने २०२२ साली अशाच बुशच्या दुखण्यापायी सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक दहा वर्षांच्या आतल्या होत्या.

पण दांडा मुळात तुटतो कशामुळे? वय हे अर्धंच उत्तर. उरलेलं उत्तर हँडब्रेकमध्ये आहे. ऑटोमॅटिक गाडीत पार्क टाकलं की गियरबॉक्सच्या आत एक पोलादी खिट्टी दातेरी चक्रात अडकते आणि गाडी जागेवर राहते. त्यामुळे अमेरिकेतले पुष्कळ चालक हँडब्रेकला हातही लावत नाहीत. उतारावर गाडी लावली, पार्क टाकलं, ब्रेकवरून पाय काढला की भरल्या ट्रकचं सगळं ओझं त्या खिट्टीवर येतं आणि ती चक्रात गच्च रुतते. सकाळी निघताना ती ओढून काढायला दांड्यावर जोर लागतो. तो जोर पडतो बारीक पिनेवर आणि मऊ कॉलरवर. रोज थोडा थोडा.

दुसरं एक कारण आणखी गमतीचं. अनेक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पार्कमधून सुटत नाही, अशी विजेवर चालणारी कडी असते आणि तिला ब्रेक दाबल्याची खबर ब्रेकलाइटच्या स्विचकडून मिळते. स्विच गेला किंवा फ्यूज उडाला की दांडा अडकतो. माणूस चिडून हिसका देतो आणि काही रुपयांच्या फ्यूजपायी दांडा हातात येतो. दांडा अडला तर आधी मागे जाऊन ब्रेकचे दिवे लागतात का ते कोणाला तरी बघायला सांगावं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी ढिलेपणा कुठला ते पाहायचं. दांडा हलवताना स्टिअरिंगचं चाकच डुगडुगत असेल तर दोष दांड्याचा नाही. टिल्ट होणाऱ्या स्टिअरिंगच्या आतले बोल्ट सैल झालेत. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या ट्रकांचं हे प्रसिद्ध दुखणं आहे आणि ते काम बरंच वेळखाऊ. दांडा फिरतोय पण नळीच्या तळाचा हात हलत नाही, तर पिन किंवा कॉलर. हात हलतो पण गियरबॉक्सवरचा लिव्हर जागचा हलत नाही, तर केबल किंवा बुश. एवढी परीक्षा दोन माणसांत, इंजिन बंद ठेवून, सहज होते. वरचा माणूस दांडा हलवतो, दुसरा खाली बघतो.

पिन बदलायची तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना पुढून मागून दगड लावलेले असावेत. हे सोडू नका, कारण पिनेपर्यंत पोहोचायला दांडा पार्कमधून काढून खाली आणावा लागतो. तेवढा वेळ ती खिट्टी सुटलेली असते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. १९९४पासून एफ-१५०च्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे. दांड्यासाठी स्टिअरिंग उघडावं लागत नाही, पण हातोडी तिच्या शेजारीच चालणार आहे. पिनेवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं तर काम हलकं होतं. पिनेच्या मापाचा सपाट तोंडाचा पंच घ्यायचा, कॉलरच्या मागे लोखंडाचा जड ठोकळा टेकवून धरायचा आणि बेताने ठोकायचं. ठोकळा नसेल तर हातोडीचा मार नळीला बसतो. अपघातात चालकाच्या छातीवर न येता दबून जावी अशीच ती नळी केलेली असते, १९६८च्या अमेरिकी नियमांपासून तशी ती करावीच लागते. तिला आपल्या हातोडीने दबवायचं नाही.

दांडा बाहेर ओढताना घाई नको. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच फोर्डमध्ये दांड्याच्या टोकाला ओव्हरड्राइव्ह बंद करायचं बटण आहे आणि त्याच्या तारा पोकळ दांड्यातून जातात. तारेचा जोड आधी सोडवला नाही तर ती तुटते. तशीही ती मुळाशी वाकून वाकून थकलेलीच असते; नवा दांडा बसवताना तिचं वेष्टन सोललेलं नाही ना, ते बघून घ्यावं.

आता कॉलरचं भोक बघायचं. गोल असेल तर नवी पिन ठोकली की काम संपलं. लांबट झालं असेल तर नवी पिन चार दिवसांत पुन्हा खुळखुळणार. अशा वेळी भोक रीमरने गोल करून एक माप मोठी पिन बसवावी, नाहीतर सरळ कॉलर बदलावी. काही जण बोल्ट आणि लॉकनट लावतात. ते चालतं, पण आटे भोकाच्या आत येता कामा नयेत, नाहीतर तेच आटे मऊ धातूला कानशीसारखे खातात.

आणि चिकटवणं? टेक्ससमधल्या सल्फर स्प्रिंग्ज गावात १९६९ साली सुरू झालेलं जे-बी वेल्ड हे पोलादमिश्रित इपॉक्सी अमेरिकी गॅरेजात घरोघरी असतं आणि चांगलंही असतं. फुटलेलं झाकण, चिरलेली टाकी यांना ते उत्तम. पण दांड्याच्या मुळाला वाकवणारा ताण बसतो, तोही लांब दांड्याच्या टोकाशी धरून ओढल्यामुळे कितीतरी पट वाढून. मूठभर इपॉक्सी फासलेला जोड आज सुटला नाही तर उतारावर सुटेल. वेल्डिंगचा विचारही नको: मूळ तुकडा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असेल तर तो चारशे अंश सेल्सिअसच्याही आधी वितळतो, ठिणगी पडली की थेंब होऊन गळतो. भंगारवाल्याकडचा अख्खा दांडा केव्हाही बरा. सुटे भाग बनवणाऱ्यांकडे नवेही मिळतात.

दांडा बसला म्हणून काम झालं असं मानणारे मेकॅनिक मला पटत नाहीत. इंजिन बंद ठेवून पार्कपासून खालच्या गियरपर्यंत दांडा हळूहळू न्यावा. प्रत्येक ठिकाणी खालच्या रोलरची टक् हाताला लागली पाहिजे आणि त्याच क्षणी सुई त्या अक्षरावर हवी. नसेल तर सुईची दोरी जुळवायची. मग इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्ये सुरू होतं ना, रिव्हर्सचा दिवा रिव्हर्समध्येच लागतो ना, ते बघायचं. शेवटी हलक्या उतारावर, पाय ब्रेकच्या वर ठेवून, पार्क गाडी धरतं का ते पाहायचं.

एवढी खातरजमा कशासाठी, याचं उत्तर इतिहासात आहे. १९७०च्या दशकात फोर्डच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या: चालकाला वाटायचं पार्क टाकलंय, प्रत्यक्षात दांडा पार्क आणि रिव्हर्सच्या मधे अडलेला असायचा, इंजिन चालू ठेवून माणूस खाली उतरायचा आणि गाडी आपोआप मागे यायची. माणसं मेली. कंपनीचं म्हणणं होतं, चूक चालकाची. १९८०च्या अखेरीस अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत. सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना डॅशबोर्डवर लावायचे इशाऱ्याचे स्टिकर पाठवण्यात आले. दोष कोणाचाही असो, स्टिकर हा त्यावरचा उपाय म्हणता येणार नाही. त्या गाड्यांचे दांडे ढिले नसतानाही हे घडत होतं. मग ज्याचा दांडा खरोखरच लोंबतोय, त्याने सुईवर विश्वास कसा ठेवावा?

आपल्याकडे असे ट्रक नाहीत, पण ऑटोमॅटिक गाड्या झपाट्याने वाढल्या आहेत. २०१४च्या सेलेरिओपासून आलेल्या मारुतीच्या एएमटी गाड्यांना तर पार्क नाहीच. तिथे हँडब्रेक आणि गियर हाच आधार. ज्यांच्या गाडीला पार्क आहे त्यांनी घाटात किंवा सोसायटीच्या उतारावर एवढा क्रम पाळावा: पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरून पाय काढून गाडीचं ओझं हँडब्रेकवर येऊ द्यायचं, पुन्हा ब्रेक दाबायचा आणि सगळ्यात शेवटी पार्क.