रुग्णालयाचे अ‍ॅप आणि इंटरनेटचे नवे पत्ते

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात इंटरनेटच्या पत्त्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न देणगीदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अहवाल वर्षात संगणक विभागाच्या खर्चात जी वाढ दिसते, तिचे हे स्पष्टीकरण होय.

आपल्या अ‍ॅपवर प्रयोगशाळेचे तपासणी अहवाल पाहता येतात. मात्र काही नातेवाइकांना, पासवर्ड अचूक असूनही, ‘प्रवेश तात्पुरता बंद’ असे उत्तर मिळत असे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाला त्या वेळी काय वाटत असेल, ते सांगावयास नको. अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी प्रथम दोष नेटवर्कवर ढकलला. कारण निराळेच निघाले.

इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणास पत्ता लागतो. जुन्या आयपीव्ही-४ पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जागतिक साठ्यातील अखेरचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यामुळे मोबाईल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच जुन्या पत्त्याआडून बाहेर पाठवितात; चाळीतील सर्व बिऱ्हाडांचा पत्ता एकच असावा तसे. आमच्या सर्व्हरचा नियम असा होता की, एका पत्त्यावरून पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता अर्धा तास बंद. चूक एकाची, दार मात्र सर्वांना बंद!

नव्या आयपीव्ही-६ पद्धतीत पत्ता ३२ ऐवजी १२८ बिटांचा असतो. टंचाईचा प्रश्नच उरत नाही. अ‍ॅपलने १ जून २०१६ पासून, केवळ नव्या पत्त्यांच्या नेटवर्कवरही चालतील अशीच अ‍ॅप्स स्वीकारण्याचा नियम केला. त्याच वर्षी आलेल्या जिओच्या ४जी सेवेनेही ही पद्धत अंगीकारली. म्हणजे रुग्णांचे फोन तयार होते, मागे राहिलो होतो ते आपण.

सर्व्हरला नवा पत्ता घेतला, फायरवॉलचे नियम दोन्ही पद्धतींसाठी लिहिले आणि अ‍ॅपमध्ये आकड्यांत लिहून ठेवलेला पत्ता काढून त्या जागी सर्व्हरचे नाव घातले. सर्वाधिक वेळ गेला तो प्रवेशनोंदींत. तेथील रकाना १५ अक्षरांचा, तर नवा पत्ता पूर्ण लिहिल्यास ३९ अक्षरांचा. वाणिज्य शाखेच्या माणसास एवढे चटकन उमगते. अरुंद रकान्यात मोठी रक्कम मावत नाही. खरे तर कुलूप पत्त्याला नव्हे, रुग्णाच्या खात्याला लावावयास हवे होते. तो बदलही केला आहे.

जुनी पद्धत बंद केलेली नाही. ज्यांच्या घरची जोडणी जुन्या पत्त्यावर आहे, त्यांनाही अ‍ॅप वापरता येते. छापील अहवाल तळमजल्यावरील नोंदणी कक्षात पूर्वीप्रमाणेच मिळतील.