हद्दीपलीकडचा नकाशा

ठाणे जिल्ह्यातल्या उंबरमाळीजवळ मुंबई-नाशिक महामार्ग आणि कल्याण-कसारा लोहमार्ग फारसे दूर नाहीत. महामार्गावरची चोरी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे, रेल्वेतली लोहमार्ग पोलिसांकडे. कसारा घाट चढला की नाशिक ग्रामीणची हद्द. या पट्ट्यात फिरणारी एखादी टोळी तीन दफ्तरांत तीन किरकोळ गुन्हे म्हणून पडून राहू शकते.

हे तुकडे जोडणं हे गुन्हे विश्लेषणाचं काम. जिल्ह्यात त्याची नैसर्गिक जागा स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे 'एलसीबी'त. नकाशावर टाचण्या टोचून गस्त आखण्याची रीत अमेरिकेतल्या बर्कलेचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी शतकापूर्वी रुजवली. न्यूयॉर्क पोलिसांनी 1994 मध्ये 'कॉम्पस्टॅट'च्या बैठकांत आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारायला सुरुवात केली. महाराष्ट्रात 2015 पासून 'सीसीटीएनएस' या गुन्हे-नोंदींच्या संगणक जाळ्यामुळे पोलीस ठाण्यांच्या नोंदी संगणकावर आल्या.

पण सारी मदार एफआयआरच्या दोन रकान्यांवर असते: वेळ 'पासून-पर्यंत' आणि पोलीस ठाण्यापासूनची दिशा व अंतर. समजा, घाटाखाली उभ्या ट्रकमधून डिझेल गेलं. चालक रात्री अकराला झोपला, पहाटे पाचला उठला. अंमलदाराने नुसतं 'पाच' लिहिलं, तर गस्त चुकीच्या वेळी लागते. विश्लेषक ती चोरी सहा तासांत समान वाटतो, प्रत्येक तासाला एक षष्ठांश. अशा दहा-बारा फिर्यादी एकत्र केल्या की जोखमीचा तास वर येतो. ठिकाणाचंही तसंच. 'उंबरमाळी शिवार' एवढ्यावर टाचणी टोचता येत नाही. किलोमीटरचा दगड, ढाबा, नाशिककडची की मुंबईकडची बाजू, हे लागतं.

त्याच जिल्ह्यातल्या मुरबाडच्या आतल्या गावांत मात्र गुन्हे इतके विरळ की दोन घरफोड्यांवरून पद्धत ठरवणं धाडसाचं. तिथे पोलीस पाटील आणि बीट अंमलदाराची माहितीच भारी. शिवाय नोंद कृत्याची हवी, वस्तीची नको. एखाद्या वाडीवर आधीच शिक्का मारला, तर अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदाच मागच्या दाराने परत येतो.

गुन्हे विश्लेषणाचा कक्ष उभारायला मोठी इमारत लागत नाही. एक प्रशिक्षित अंमलदार, एक संगणक, शेजारच्या हद्दींचा डेटा आणि दर आठवड्याला अर्ध्या पानाचं टिपण पुरतं: कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, काय करायचं. मात्र त्या अंमलदाराला प्रत्येक सणाच्या बंदोबस्ताला जुंपलं, तर कक्ष फक्त दारावरच्या पाटीपुरता उरतो.